बिअर म्हणजे काय दारू व्हय?

आमच्या कोल्हापुरात ‘बसूया का?’ असं कुणी विचारलं तर ‘कशाला?’ म्हणायचं नसतं. ‘कुठं आणि किती वाजता’ एवढंच विचारायचं. शिडाच्या चौदा फुटी बोटीतही माणसाला बसण्यावाचून दुसरं काही करता येत नाही, उभं राहिलं की बोट डुलायला लागते. जानेवारी २०२२ मध्ये मी ही दोन्ही बसणी एकत्र केली. आता ताई परत माझ्याशी नीट बोलते आणि दाजींच्या कानामागची खूण केसात झाकली जाते, म्हणून लिहायला हरकत नाही.

आधी बोटीविषयी. माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. समुद्राशी आमच्या सात पिढ्यांचा संबंध नाही. आमचं पाणी म्हणजे पंचगंगा, आणि पावसाळ्यात सकाळी उठून पहिलं काय बघायचं तर राजाराम बंधाऱ्याची पातळी. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. अशा माणसानं बोट घ्यावी हा शुद्ध खुळेपणा, पण मी आणि एका मित्रानं मिळून मुंबईच्या एका माणसाकडून फायबरची जुनी बोट घेतली. दोन शिडं, वल्ही दोन, सुकाणू मोडलेलं. सुकाणूच्या बिजागऱ्या मी स्वतः स्टेनलेसमध्ये टर्न करून बसवल्या, त्या अजून हललेल्या नाहीत. नाव ठेवलं ‘गंगावेस’. देवगडच्या पोरांना वाटलं गंगा नावाची कुणीतरी बाई असणार. कोल्हापूरच्या गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध प्यायल्याशिवाय ते नाव कळायचं नाही.

बोट देवगडच्या खाडीत असते. गगनबावडा, वैभववाडी, तळेरे आणि मग देवगड. घाटात गर्दी नसली तर साडेतीन तास. आम्ही नसताना एक म्हातारे तांडेल तिच्याकडं बघतात. त्यांना आम्ही काका म्हणतो. जून लागायच्या आत ती वर ओढायची, झापांनी झाकायची आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवला की परत पाण्यात टाकायची.

त्या जानेवारीत दाजी आले होते. दाजींना नाही म्हणणं आमच्याकडं बसत नाही. त्यांनी येताना आईसबॉक्स आणला होता. वर सोलकढी, खाली स्ट्राँग बिअरच्या साडेसहाशे मिलीच्या तीन बाटल्या. मी म्हटलं, “दाजी, संध्याकाळी घेऊ.” ते म्हणाले, “पाव्हणं, बिअर म्हणजे काय दारू व्हय?” हे वाक्य मी आयुष्यात शंभर वेळा ऐकलंय आणि पन्नास वेळा स्वतः म्हटलंय.

सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर पडलो. शाळेत भूगोलात खारे वारे-मतलई वारे पाठ केले तेव्हा वाटलं नव्हतं की ते खरंच घड्याळ लावून येतात. सकाळी जमिनीकडून, मग अकरा-साडेअकराला वारा पडतो. शीड लुळं, समुद्र तेलासारखा, किल्ल्यावरचं दीपगृह आहे तिथंच. अशा वेळी माणूस काय करतो? बाटली उघडतो. एकेक संपवली, तिसरी अर्धी-अर्धी केली. ऊन वरून आणि पाण्यावरून, दोन्हीकडून लागत होतं. दाजींनी लाइफ जॅकेट काढून उशाला घेतलं. मी काही बोललो नाही. माझं जॅकेट तर सीटखालीच होतं.

एकच्या सुमारास खारा वारा आला. आधी पाण्यावर गडद पट्टा दिसतो, मग तोंडावर लागतो. दीड वाजेपर्यंत चांगला भरला. आम्ही परत फिरलो, म्हणजे वारा थेट पाठीमागून. शिडाची बोट न चालवलेल्यांना वाटतं की मागून वारा म्हणजे सगळ्यात सोपं. ते सगळ्यात वाईट. शीड पूर्ण बाहेर सोडलेलं असतं, आणि बोटीचं तोंड जरा जास्त वळून वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूनं शिरला की बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी नळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका झटक्यात फिरते. वर्कशॉपवाल्यांना सांगायचं तर चकमध्ये किल्ली विसरून लेथ चालू करण्यासारखं.

दाजी खासबागेतल्या एका जुन्या कुस्तीची गोष्ट सांगत होते, हातवाऱ्यांसकट. शिडाची कड फडफडली. ते आधीचं लक्षण. ते मला दिसलं होतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. दिसलं, कळलंही, आणि सुकाणूवरचा हात हलला नाही. अर्धा सेकंद, फार तर एक. मग बूम आली, दाजींच्या कानावर बसली, दाजी पाण्यात गेले आणि कुस्ती अर्ध्यावर राहिली.

मी वळवून परत गेलो ते भरधाव, त्यांच्या बाजूनं सरळ पुढं निघून गेलो. दुसऱ्यांदा आधीच थांबलो, वाऱ्यानं उलट बाजूला ढकललो गेलो. तिसऱ्यांदा कॉलर हाताला लागली. दाजी पोहत होते, म्हणजे तोंड वर ठेवत होते, पण डोळे कुठंतरी भलतीकडंच. आणि खरं संकट इथून पुढं. ब्याण्णव किलोचा ओला माणूस छोट्या बोटीत एकट्यानं वर ओढता येत नाही. मी ओढायला लागलो की बोट त्याच बाजूला कलंडायची आणि पाणी आत यायचं. शेवटी मी नुसतं धरून बसलो. बंदराकडं येणारी एक मच्छीमार बोट वळून आली, दोघांनी दाजींना वर घेतलं. मला वाटलं पाऊण तास गेला. त्यांच्यातला एक म्हणाला, दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. पाच टाके पडले.

संध्याकाळी काका किनाऱ्यावर जाळं विणत बसले होते. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, “तुमका पोवूक येता?”

“येतं की.”

“घेतल्यार येतला?”

मी गप्प. ते परत जाळ्याकडं वळले.

कोल्हापूरला परतताना घाटात डोक्यात एकच चालू होतं. मला चढली नव्हती. खरंच नव्हती. बोलणं सरळ, पाय सरळ. मग घरी आल्यावर हिशेब केला, कारण आकडा दिसल्याशिवाय मला काही पटत नाही. स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची. साडेसहाशे मिलीत बावन्न मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ४१ ग्रॅम. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. साठ मिलीच्या लार्ज पेगमध्ये वीस ग्रॅम. म्हणजे एक बाटली स्ट्राँग बिअर म्हणजे दोन लार्ज. मी दीड प्यायलो होतो. म्हणजे भर दुपारी, उपाशीपोटी, तीन लार्ज. कुणी मला दुपारी बाराला तीन लार्ज मारून बोट चालव म्हटलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं. बिअर म्हटल्यावर काढलं नाही.

यातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये कुणाच्या तोंडाला वास आला तर त्याला मशीनला हात लावू देत नाही. हाजरी मांडतो, पण घरी पाठवतो. एका जुन्या, हाताला सोन्यासारखा असलेल्या टर्नरला मी दिवाळीच्या तोंडावर असाच परत पाठवलाय, तो वर्षभर माझ्यावर रुसला होता. ‘मालक, मी काय डुलतोय का?’ असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, डुलत नाहीस म्हणूनच भीती आहे, डुलला असतास तर तू स्वतःच लांब बसला असतास. इतकं शहाणपण सोमवार ते शनिवार माझ्याकडं असतं. रविवारी ते गगनबावड्याच्या अलीकडंच राहतं. वर्कशॉप म्हणजे काम आणि बोट म्हणजे मजा, असं डोक्यात बसलेलं. पण फिरणारी नळी दोन्हीकडं तीच.

मग वाचत सुटलो. बोटीवर दारू जास्त लागते असं दर्यावर्दी म्हणतात ते उगीच नाही. ऊन, वारा, सतत हलणं, डोळ्यांवर पाण्याची तिरीप, यांनीच माणूस तीन-चार तासांत मंदावतो, एक थेंब न पिता. त्यावर दारू पडली की दोन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत असतं आणि दारू नेमकी तिथं गडबड करते. जमिनीवर ते चालून जातं कारण जमीन हलत नाही. पाण्यात डोकं बुडाल्यावर तर वर कुठलं आणि खाली कुठलं हेच कळेनासं होऊ शकतं. दाजींचे भलतीकडं बघणारे डोळे मला तेव्हा कळले. बूमचा मार होताच, पण सगळं बूमवर ढकलता येणार नाही.

दुसरी गोष्ट लघवीची. हसू नका. दारूनं लघवी जास्त होते, बिअरनं तर विचारूच नका. आणि आपला गडी बोटीच्या कडेला उभा राहूनच मोकळा होणार, बसून केलं तर त्याची मिशी उतरते. एक हात कामात, दुसरा हात बाटलीत, डोकं हलकं, बोट हलती. बुडालेल्या माणसाची चेन उघडी सापडते अशी एक जुनी गोष्ट जगभरचे खलाशी सांगतात. ‘गंगावेस’वर आता एक कापलेला पाच लिटरचा कॅन आहे. गुडघ्यावर बसून, कॅनमध्ये. पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत दाखवतो. एक साहेब मनुष्य एवढा लाजला की चार तास तसाच बसून राहिला.

कायद्याचं म्हणाल तर मी एका वकील मित्राला गाठलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तो चहालाही वेळ देत नाही, तरी दिला. त्यानं आधी मला मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम सांगितलं. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. पण ते रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला. बोट त्या व्याख्येत येत नाही. मी खूश होणार एवढ्यात तो म्हणाला, “भारतीय न्याय संहितेचं २८२ वाच. हयगयीनं किंवा बेदरकारपणे जलयान चालवून माणसाचा जीव धोक्यात घातला तर तिथंही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याला तुझं रक्त तपासायचीसुद्धा गरज नाही. दाजींच्या कानामागचे टाके पुरेत.” वर त्यानं विचारलं, परमिट आहे का? महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो हे आपण सगळे सोयीनं विसरलेलो असतो. आणि गोव्याची स्वस्त बाटली घेऊन येणाऱ्यांना इन्सुलीचा नाका माहीत आहेच. ती बोटीत सापडली काय आणि गाडीत सापडली काय, राज्य उत्पादन शुल्कवाल्यांना दोन्ही सारखंच. बाटलीबरोबर वाहनही जातं. माझ्या अपघात विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात नशेत झालेल्या अपघाताला पैसे नाहीत असं लिहिलेलं होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

बाहेरच्या देशांत काय आहे तेही बघितलं. अमेरिकेत हौशी बोटवाल्यांना रक्तातली मर्यादा शंभर मिलीला ऐंशी मिलिग्रॅम. तिथलं कोस्ट गार्ड दरवर्षी बोट अपघातांचा अहवाल काढतं आणि जीवघेण्या अपघातांमागच्या कळलेल्या कारणांत दारू पहिल्या नंबरावर असते. स्वीडनमध्ये मर्यादा वीसच, पण दहा मीटर किंवा त्याहून लांब, नाहीतर पंधरा नॉट (ताशी साधारण २८ किलोमीटर) किंवा त्याहून जास्त पळू शकणाऱ्या बोटींना. आमची ‘गंगावेस’ चौदा फुटांची आणि पळून पळून पाच-सहा नॉट, म्हणजे त्या कलमातून ती निसटली असती. ब्रिटनमध्ये टेम्स नदीवर २० ऑगस्ट १९८९ ला मध्यरात्रीनंतर वाळूच्या जहाजानं पार्टीची बोट बुडवली, ५१ जण गेले. जहाजाचा कप्तान आदल्या दुपारी बिअर प्यायला होता. पुढं २००३ मध्ये कायदा झाला, धंदेवाईक खलाशांना मर्यादा लागू झाली. हौशी लोकांसाठीचं कलम त्याच कायद्यात लिहिलं, पण लागू करायचं राहूनच गेलं. म्हणजे साहेबाच्या देशातही रविवारवाल्यांना सूट.

आकड्यांबद्दल माझं मत आता असं झालंय की ते पोलिसासाठी ठीक, माझ्यासाठी नाहीत. माझं वजन आणि दीड बाटली धरून मी कागदावर काढलं तर मी त्या दिवशी अमेरिकेच्या ऐंशीच्या आसपास होतो. म्हणजे तिथल्या पोलिसानं कदाचित पकडलं असतं, कदाचित सोडलं असतं. बूमला ते काही माहीत नव्हतं. आणि समुद्रावर पोलिसही नसतो. शहरात शिरताना नाकाबंदी बघून आपण आधीच गल्ली बदलतो, तेवढी तरी जाग येते. देवगडच्या दीपगृहापुढं कोण थांबवणार?

आणि फक्त सुकाणूवाल्यानं न पिऊन भागत नाही, हे मला खरं तर देवगडच्या आधीच कळायला हवं होतं. २०१९ चा महापूर. आंबेवाडी-चिखलीकडून लोकांना बाहेर काढत होते, आम्ही मंडळाची पोरं काठावर दोरी धरून उभी. रबरी बोटीत म्हाताऱ्या, लेकरं, एक शेळी आणि एक इसम. आठवड्याचा साठा त्यानं बहुधा त्याच सकाळी संपवला होता. बोट प्रवाहाला लागली आणि ह्याला आठवलं की मोबाइल घरात राहिला. उठून उभा. सगळ्या म्हाताऱ्या एका बाजूला. जवानानं एक शब्द न बोलता त्याच्या छातीवर हात ठेवून खाली दाबला आणि काठ येईपर्यंत उचललाच नाही. सुकाणू शुद्धीवर असलेल्या माणसाकडं होतं, तरी बोट त्याच्यामुळं जाता जाता राहिली. तेव्हा आम्ही काठावर हसलो होतो. दाजींनी जॅकेट उशाला घेतलं तेव्हा तो जवान आठवायला हवा होता.

जॅकेटचं तर सांगायलाच नको. आपल्या माणसाला ते पोराटोरांचं वाटतं. मी म्हणतो, विहिरीत डबा बांधून घेतला होतास का नाही? हा नारंगी डबा आहे, बांध. मे २०२४ मध्ये उजनीत कळाशी-कुगावची बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. तिथं दारूचा संबंध नव्हता, वाराच पुरला.

‘गंगावेस’वर आता बाटली चढत नाही. नांगर टाकून थांबलो असलो तरी नाही, कारण नांगर निसटतो आणि भरती-ओहोटी कुणाच्या पेगासाठी थांबत नाही. ह्यापेक्षा अवघड गेला तो दुसरा नियम. रात्री किनाऱ्यावर बसलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी शीड नाही. आमची मंडळी शनिवारी रात्री पोचतात, एकपर्यंत बसतात आणि सहाला मतलई पकडायची म्हणतात. चार लार्ज म्हणजे ऐंशी ग्रॅम, यकृत तासाला सात-आठ-दहा ग्रॅम काढतं. काळा चहा, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, ह्यानं यकृत एक ग्रॅमही जास्त काढत नाही, फक्त झोपाळू माणूस जागा होतो. सकाळी सहाला त्यातलं काही अंगात उरलेलं असू शकतं, वर अपुरी झोप. ह्या नियमापायी दोन मित्र तुटले. ‘एवढ्या लांब येऊन कोरडंच बसायचं तर रंकाळ्यावर पॅडल बोट मारतो की’ असं एक जण म्हणाला. मार म्हटलं.

दर हंगामात पहिल्या दिवशी मी वीस लिटरचा कॅन अर्धा पाण्यानं भरून समुद्रात टाकतो आणि तो परत उचलतो. वाऱ्याच्या खालच्या बाजूनं यायचं, शीड मोकळं सोडायचं, कॅनशेजारी बोट जवळजवळ उभी राहिली पाहिजे. पहिल्या वर्षी अकराव्या वेळेला जमलं. आता तिसऱ्याला जमतं. माणूस उचलायला मागच्या बाजूला दोरीची शिडी बांधलीय, तिच्या पायऱ्या उद्यमनगरातच केल्या.

गेल्या डिसेंबरात दाजी परत आले. तोच आईसबॉक्स. मी किनाऱ्यावरच उघडून बघितला. वर सोलकढी, खाली सोलकढी. जॅकेट त्यांनी न सांगता घातलं आणि पट्टा एवढा आवळला की आवाज बारीक झाला. अकराला वारा पडला. शीड लुळं, समुद्र तेलासारखा, दीपगृह आहे तिथंच. अर्धा तास कुणी काही बोललं नाही.

मग दाजी म्हणाले, “पाव्हणं, ती कुस्ती अर्धी राहिलीया.”

म्हटलं, “आधी डोकं खाली घ्या. मग सांगा.”